सॉफ्टवेअर घेणारा एक, भरणारा दुसरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोकुळ शिरगावला वडिलांनी उभं केलेलं मशीन शॉप, ४२ माणसं. कास्टिंग (धातू वितळवून साच्यात ओतलेले भाग) फाउंड्रीतून येतं, तुम्ही मशीनिंग करून पुढे देता. २०१४ ला एक ईआरपी (खरेदी, साठा, पगार सगळं एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतलं, २०२१ ला दुसरं, आणि दोन्ही वर्षाच्या आत बंद पडली. हिशेबाचं सॉफ्टवेअर, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला), ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) मात्र त्याच ऑफिसात, त्याच माणसांकडून बिनबोभाट चाललंय. एमबीएला शिकवलेल्या चौकटी लावून पाहिल्यात, पण कोडं सुटलं नाही. धंदेवाला माणूस नवं तंत्रज्ञान कशावरून घेतो आणि कशावरून टाकून देतो?

मी २७ वर्षं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात हेच काम करतोय. फॉक्सप्रोमध्ये पगारपत्रकाचे प्रोग्राम लिहून सुरुवात केली, आता ईआरपी बसवून देतो. बसवलेल्यांपैकी किती उखडली गेली हे मी नव्या गिऱ्हाइकाला आपणहून सांगत नाही, पण शिकलो ते त्यातूनच. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या चौकटींबद्दल. टोरनात्झ्की आणि फ्लायशर यांनी १९९० मध्ये तंत्रज्ञान, संस्था आणि भोवतालची परिस्थिती असे तीन कप्पे मांडले. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेड डेव्हिस यांनी सांगितलं की माणसाला वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, यावर तो ती वापरणार की नाही हे ठरतं. त्याच्याही खूप आधी, १९६२ मध्ये, एव्हरेट रॉजर्स यांनी पाच गुण मोजून दिले होते: आधीपेक्षा फायदा, चालू पद्धतीशी जुळणं, किचकटपणा, थोडं वापरून बघता येणं, आणि शेजाऱ्याला दिसणं. यातलं काहीच चूक नाही. अडचण एवढीच की फळ्यावर हे कप्पे सारख्या आकाराचे काढतात. तुमच्या शेडमध्ये एक कप्पा हत्तीएवढा असतो आणि दुसरा उंदराएवढा. शिवाय या चौकटींत ‘कंपनी’ किंवा ‘वापरणारा’ असा एकच कुणीतरी धरलेला असतो. तुमच्याकडे चेकवर सही वडील करतात, सॉफ्टवेअर तुम्ही निवडता, त्यात नोंदी स्टोअरकीपर भरतो आणि रिपोर्ट कुणीच बघत नाही.

आता जे चाललं ते का चाललं ते बघू.

आपल्याकडे छोट्या-मध्यम धंद्यात संगणक शिरला त्या प्रत्येक वेळी दार करानं उघडून दिलं. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, तेव्हा मार्केट यार्डातल्या कितीतरी पेढ्यांवर पहिला संगणक आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बिलबुकावर हातानं बिलं फाडणारे हार्डवेअरवाले महिन्याभरात प्रिंटर घेऊन बसले. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल. मग ई-इन्व्हॉइस, तेही पायऱ्यापायऱ्यांनी: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, पुढे १००, ५०, २०, १० असं उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींच्या वरच्यांना.

याला ‘सरकारी सक्ती’ म्हणून सोडून देऊ नका. सक्ती कुठल्या वाटेनं आली ते बघण्यासारखं आहे. कायदा तर कितीतरी गोष्टी सांगतो, सगळ्या कुठे होतात? १ जानेवारी २०२२ पासून नियम असा झाला की विकणाऱ्यानं आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलं नाही तर घेणाऱ्याला त्या बिलावरच्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळत नाही. म्हणजे तुम्ही चुकलात तर खिसा तुमच्या गिऱ्हाइकाचा कापला जातो. मग जीएसटी अधिकाऱ्याचं पत्र यायच्या कितीतरी आधी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स खात्यातून फोन येतो, की तुमचं बिल दिसत नाही, पेमेंट थांबवलंय. पेमेंट थांबलं की आपल्याकडे कुठलंही तंत्रज्ञान पंधरा दिवसांत शिकून होतं. साठीतले मालक, ज्यांनी कधी माउसला हात लावला नव्हता, ते मला रात्री दहाला फोन करून ‘आयआरएन (ई-इन्व्हॉइसला पोर्टलकडून मिळणारा नंबर) जनरेट होईना’ असं शुद्ध भाषेत सांगायला लागले.

तुमच्या धंद्यात याचा दुसरा अवतार म्हणजे वाहन कंपनीचं पुरवठादार पोर्टल. त्यांचं वेळापत्रक त्यावरच येणार, गाडी निघायच्या आधी माहिती त्यावरच भरायची, पेटीवर बारकोड नसेल तर माल गेटवरून परत. वर आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं ऑडिट. त्यात हीट नंबरावरून (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) माल शोधून दाखवावा लागतो. कुणी तुमचं मत विचारलं नव्हतं, तरी हे सगळं चालतंय ना?

पण सक्ती तंत्रज्ञानाला उंबऱ्यापर्यंतच आणते, हेही मी शेकडो वेळा पाहिलंय. सक्तीनं आलेली गोष्ट सक्तीपुरतीच वापरली जाते. आजही असे कारखाने आहेत जिथे डिस्पॅचचा माणूस आधी डुप्लिकेट बुकावर चलन लिहितो, मग तेच अकाउंटंट टाइप करतो. साठा किती, कुठल्या ऑर्डरचं किती बाकी, ते पुन्हा सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत. सरकारला हवं तेवढं संगणकात, धंद्याला हवं ते डायरीत. तुमचं ईआरपी या डायरीची जागा घ्यायला आलं होतं आणि डायरीनं त्याला हरवलं. का हरवलं, ते आता सांगतो.

साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरोलीच्या एका फाउंड्रीत आम्ही ईआरपी बसवलं. नाव सांगत नाही, आणि चूक आमचीच होती. स्टोअरमध्ये माल आला की आवक नोंद करायची. त्या स्क्रीनवर अकरा रकाने होते. पर्चेस ऑर्डर नंबर, पुरवठादार, चलन नंबर, गाडी नंबर, एचएसएन सारखा मालाच्या वर्गाचा कोड, लॉट, मोजमापाचं एकक, आणखी काय काय. मुंबईच्या ऑफिसात बसून बघितलं तर एकही रकाना जास्तीचा वाटला नसता. गेटवर काय व्हायचं? पिग आयर्नची गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागे वाळूची गाडी. स्टोअरकीपरनं पहिले आठ दिवस प्रयत्न केला. मग त्यानं आपली लाल कापडी वही काढली, त्यात दोन ओळी लिहायला लागला आणि आठवड्याचं सगळं शनिवारी दुपारी बसून संगणकात चढवायला लागला.

मालक गुरुवारी स्क्रीन बघायचे. फेरोसिलिकॉन शिल्लक शून्य. खाली फोन केला तर स्टोअरमध्ये चार पोती. पुढच्या आठवड्यात उलटं, स्क्रीनवर आहे आणि खाली नाही. दोनदा असं झालं आणि मालकांनी स्क्रीन बघणं सोडलं. मालक बघत नाहीत हे कळल्यावर स्टोअरकीपरनं शनिवारचं चढवणंही सोडलं. चार महिन्यांत खेळ खलास. वार्षिक देखभालीचं बिल मात्र आम्ही पाठवत राहिलो.

त्या स्टोअरकीपरला सगळे ‘जुन्या वळणाचा’ म्हणाले. मला तसं वाटत नाही. त्याच्या बाजूनं हिशेब मांडून बघा. नोंद भरायचे कष्ट त्याचे, भरताना चुकली तर बोलणी त्याची, आणि त्यातून मिळणारा रिपोर्ट मालकाचा. बदल्यात त्याला काय मिळालं? काहीच नाही. उलट, कुठल्या कपाटात काय आहे हे फक्त त्यालाच माहीत असल्यामुळे त्याची जी किंमत होती, तीही गेली. कुठलाही शहाणा माणूस हेच करेल.

तुमच्या कोड्याचं माझं उत्तर यातच आहे. सॉफ्टवेअर घेणारा, भरणारा आणि त्यातून फायदा काढणारा ही तीन वेगळी माणसं असतील, आणि भरणाऱ्याच्या हातात काहीच पडत नसेल, तर किंमत, ब्रँड, क्लाउड, ट्रेनिंग यातलं काहीही कितीही चांगलं असलं तरी ते टिकत नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर टिकलं, कारण तुमचा अकाउंटंट जे भरतो त्यावरच त्याचं विवरणपत्र तयार होतं, त्याचीच रात्रीची जागरणं वाचतात. भरणारा तो आणि सुटणाराही तोच.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण कारखान्यातलं नाही, गावातल्या दूध संस्थेचं आहे. पूर्वी दुधाची फॅट काढायची ती गर्बर पद्धतीनं. काचेच्या नळीत दूध, आम्ल घालायचं, फिरवायचं आणि सचिवानं नळी डोळ्यांसमोर धरून आकडा सांगायचा. उत्पादकाला त्या आकड्यावर कायम संशय. ‘अमक्याच्या म्हशीला बरी सात लागते!’ मग इलेक्ट्रॉनिक मशीन आलं, वजनकाटा संगणकाला जोडला गेला आणि दूध ओतलं की लिटर, फॅट, दर, रक्कम छापलेली चिठ्ठी हातात पडायला लागली. आता बघा कुणाला काय मिळालं. उत्पादकाला डोळ्यांसमोर आकडा. सचिवाला संशयातून सुटका, आणि दर दहा दिवसांचं बिल काढताना दोन रात्री जागायचा ते बंद. दिवाळीच्या आधी सभासदांना वाटायचा दरातला फरक काढायला वर्षभराच्या नोंदी बेरजेसाठी तयार. संचालकांना रोजचं संकलन बसल्या जागी. एकाच नोंदीतून तिघांना, आणि लगेच, त्याच क्षणी. त्यात भर म्हणजे शेजारच्या संस्थेत चिठ्ठी मिळते हे म्हशी असलेल्या प्रत्येक घरात कळलं, आणि ज्या संस्थेत मिळत नव्हती तिथले सभासद विचारायला लागले. रॉजर्स यांचा पाचवा गुण, शेजाऱ्याला दिसणं, तो असा काम करतो. शाळा न झालेल्या बायकाही चिठ्ठीवरचा आकडा वाचायला शिकल्या, आणि त्यांना कुणी ‘डिजिटल साक्षरता’ शिकवायला गेलं नव्हतं.

यूपीआयचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये ते सुरू झालं, नोव्हेंबरात नोटाबंदी आली, पण त्या धक्क्यात आपल्या दुकानदारांनी आधी घेतली ती कार्ड स्वाइप करायची यंत्रं. त्याला भाडं, वर टक्केवारी, चार्जिंग, कागदाचा रोल. नोटा परत आल्या आणि बरीचशी यंत्रं गल्ल्याखालच्या कप्प्यात गेली. क्यूआरचा कागद मात्र भिंतीवरच राहिला. त्याला वीज लागत नाही, पैसे थेट खात्यात, आणि जानेवारी २०२० पासून दुकानदारावरचं शुल्कही शून्य झालं. तरी एक अडचण होती: वडापाववाल्याचे हात बेसनात, मोबाइल बघणार कसा, समोरचा ‘गेले बघा’ म्हणतो त्यावर विश्वास ठेवायचा का? आवाज देणारी डबी आली आणि तोही प्रश्न सुटला. मला या डबीचं फार कौतुक आहे. कुणीतरी खरोखर गाड्याजवळ उभं राहून विचार केलाय.

आता ज्या गोष्टी लोक मोठ्या समजतात पण माझ्या अनुभवात तितक्या मोठ्या नसतात, त्या पटकन सांगतो. किंमत: परवान्याची किंमत सगळ्यांना दिसते, त्यावर तीन महिने घासाघीस चालते. खरा खर्च मास्टर (वस्तू, गिऱ्हाइकं, पुरवठादार यांच्या मूळ याद्या) तयार करण्यात आणि सुरुवातीचे तीन महिने जुनी-नवी दोन्ही कामं करण्यात असतो आणि तो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. इंटरनेट आणि वीज: एकेकाळी खरी अडचण होती, आता बहुतेक ठिकाणी सबब आहे. वय: साठ वर्षांचे दिवाणजी पंचविशीतल्या बी.कॉम.पेक्षा लवकर शिकलेले मी पाहिलेत, कारण हिशेब त्यांना येतो, फक्त कळ कुठली दाबायची एवढंच शिकायचं असतं. ‘डेटा आपल्या घरातच हवा’ हा हट्टही मी फार गंभीरपणे घेत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हे म्हणणाऱ्या कितीतरी मालकांनी आठवड्याच्या आत घरून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायची सोय करून मागितली होती.

ज्याकडे कुणी बघत नाही पण जे फार वजनदार आहे, ते म्हणजे तुमचे सीए काय वापरतात आणि बाजारात माणूस कशाचा मिळतो. टॅली आपल्याकडे इतकं का रुजलं याचं मोठं कारण हे की प्रत्येक तालुक्याच्या गावात त्याचा कोर्स आहे, तुमचा अकाउंटंट उद्या सोडून गेला तर परवा दुसरा मिळतो, आणि सीएंच्या ऑफिसात फाइल पाठवली की ते काही न विचारता उघडतात. तुमच्या २०२१ च्या ईआरपीचं काय झालं? तुम्हीच लिहिलंय, ते चालवणारी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि नंतर कुणाला जमलं नाही. ते सॉफ्टवेअर वाईट नसेलही. पण एका माणसावर टांगलेली वस्तू त्या माणसाबरोबर जाते. नवं घेताना मी मालकांना एकच विचारतो, हा माणूस गेला तर सोमवारी सकाळी कोण उघडणार?

एक गोष्ट कुणी लिहीत नाही, मी लिहितो. काही धंद्यांत सॉफ्टवेअर टिकत नाही कारण खरं चित्र एका जागी दिसू नये अशीच इच्छा असते. थोडा माल बिलात, थोडा बिलाबाहेर, थोडा भावाच्या फर्ममध्ये. अशा ठिकाणी साठ्याचं सॉफ्टवेअर बिनचूक चाललं तर ते मालकाच्याच अंगावर येतं. मग दोष इंटरनेटला दिला जातो. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक झालं, तेव्हा काही जणांनी नवी आवृत्ती घ्यायला केलेली टाळाटाळ मी जवळून पाहिली. तुमच्याकडे असं आहे असं मी म्हणत नाही. पण असेल तर तिसऱ्यांदा पैसे घालवू नका, आधी ते मिटवा.

आणि दुसरं, याच्याच सावलीतलं. माहितीचा उपयोग शिक्षेसाठी झाला की माहिती खोटी होते. एका सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमध्ये आम्ही मशीन का बंद राहिलं याची नोंद सुरू केली. ऑपरेटर कारण निवडायचा: इन्सर्ट (कापणारं पातं) बदल, माल नाही, सेटिंग, वीज गेली. पहिला महिना झकास गेला. मालकांनी महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये रिपोर्ट काढून सगळ्यांसमोर एका ऑपरेटरला धारेवर धरलं, ‘सेटिंगला तुलाच एवढा वेळ का लागतो?’ पुढच्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक बंदचं कारण ‘वीज गेली’. त्या महिन्यात वीज दोनदा गेली होती. पोरगा सेटिंगला वेळ लावत होता कारण भाग पकडून धरणारं फिक्स्चर झिजलं होतं, हे नंतर कळलं. पण तोवर त्या रकान्यातला आकडा कायमचा मेला होता.

तुमचा स्टोअरकीपर वडिलांच्या सुरुवातीपासूनचा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याबद्दल एक अनुभव सांगतो. सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवर असेच जुने दिवाणजी होते. भाव, उधारी, कुणाची पत किती, सगळं डोक्यात. पहिल्या वेळी आम्ही त्यांना बाजूला ठेवून पोरांना शिकवलं आणि सहा महिने फुकट गेले. दुसऱ्या वेळी मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की संगणक काय म्हणतो ते दिवाणजी तपासतील आणि त्यांनी बरोबर म्हटलं तरच ते बरोबर. दिवाणजी रोज संध्याकाळी चष्मा लावून छापील उधारीची यादी आणि आपली खतावणी शेजारी-शेजारी ठेवून बसायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकोणीस चुका काढल्या आणि काय खूश झाले! चौथ्या आठवड्यात चूक त्यांच्या खतावणीत निघाली. कुणालाही न सांगता त्यांनी ती दुरुस्त केली. पाडव्याला नव्या वहीबरोबर लॅपटॉपलाही हळदीकुंकू त्यांनीच लावलं.

मालक स्वतः बघतात का, हाही तितकाच मोठा भाग आहे. तुमचे वडील रोज सकाळी साडेआठला शेडमध्ये फेरी मारतात आणि तोंडी विचारतात: ‘त्या ब्रॅकेटचं किती झालं?’ सुपरवायझर डायरी काढून सांगतो. जोवर हा प्रश्न तोंडी विचारला जातो आणि डायरीतून उत्तर मिळतं, तोवर डायरीच तुमची खरी प्रणाली आहे. उद्या वडिलांनी ‘स्क्रीनवर दाखव’ म्हटलं तर पंधरा दिवसांत डायरी बंद होईल. तुम्ही दहा वेळा मीटिंग घेऊन ते होणार नाही. माझा अंदाज असा की दोन्ही वेळा निर्णय तुमचा होता आणि वडिलांनी ‘कर बाबा तुला काय करायचं ते’ म्हणून चेक दिला. तो होकार नव्हता, ते माणसांनाही कळलं होतं.

आणि कागदाशी आपली स्पर्धा आहे असं समजू नका. आता स्पर्धा व्हॉट्सअ‍ॅपशी आहे. ऑर्डरचा फोटो, चलनाचा फोटो, ‘गाडी निघाली’चा निरोप, रिजेक्ट झालेल्या भागाचा फोटो, सगळं ग्रुपवर. कुणी ट्रेनिंग दिलं नाही, कुणी सल्लागार नेमला नाही (माझ्या पोटावर पाय, पण असो). नवी प्रणाली त्याहून अवघड असेल तर माणसं ग्रुपवरच राहणार. म्हणून मी हल्ली सॉफ्टवेअर कंपनीला पहिला प्रश्न विचारतो, उभ्या-उभ्या, एका हातानं, तेलकट बोटानं, मोबाइलवरून नोंद होते का?

सगळ्यांनीच सगळं घ्यावं असंही मी मानत नाही. सात-आठ माणसांचं जॉबवर्कचं शॉप, तीन गिऱ्हाइकं, वीस-बावीस प्रकारचे भाग, अशांना मी भिंतीवरचा पांढरा बोर्ड आणि बिलिंगचं साधं ॲप सुचवतो. त्यांचा मालक दिवसभर मशीनजवळच असतो, त्याला रिपोर्टची गरज काय? तुमचं तसं नाही. ४२ माणसं, दोन पाळ्या, आणि तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे क्रॅक निघाल्यावर कुठल्या हीटचे भाग कुठे गेले ते सांगता आलं नाही म्हणून सगळा साठा परत आणून तपासावा लागला. तुमची गरज तिथून सुरू होते. पगार, खरेदी, साठा, गुणवत्ता सगळं एकदम घेतलंत, दोन्ही वेळा. तुमचं ठणकत होतं ते फक्त हीट नंबरपाशी.

हल्ली प्रत्येक जण एआयबद्दल विचारतो, तुम्हीही शेवटच्या ओळीत विचारलंय. तुमच्या स्टोअरच्या यादीत ‘तीन सुती बोल्ट’, ‘३/८ बोल्ट’, ‘बोल्ट ३ सूत’ आणि ‘बोल्ट बारका’ अशा चार नावांनी एकच वस्तू असेल, तर एआय तुम्हाला चार उत्तरं देईल, फक्त आधीपेक्षा लवकर. ही यादी साफ करणं हे अत्यंत कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या पाहण्यात ते बाहेरच्या माणसानं केलेलं कधीच बरोबर निघालेलं नाही.

तर तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. नवं सॉफ्टवेअर सध्या घेतलं नसतं. मार्चअखेर आणि दिवाळीच्या आधीचा महिना सोडून एखादा मोकळा महिना धरला असता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्टोअरकीपरला ओव्हरटाइम आणि जेवण देऊन फक्त महाग इन्सर्ट आणि ड्रिलचं एक कपाट मोजलं असतं. पूर्ण स्टोअर नाही, एकच कपाट. नावं त्यानं ठरवायची, मराठीत हवी तर मराठीत. तीन रकाने: काय, किती, कुठल्या मशीनला. एक्सेल चालेल. महिन्याच्या शेवटी त्या यादीतून एक गोष्ट त्याच्या हातात द्यायची: कुठली वस्तू संपत आलीय ते, आणि त्या यादीवरून खरेदीची मागणी थेट पाठवायचा अधिकार. आज त्याला प्रत्येक ड्रिलसाठी तीन वेळा वर येऊन सांगावं लागतं आणि वेळेवर आलं नाही तर बोलणी तोच खातो. ते थांबलं की तो स्वतः दुसऱ्या कपाटाचं नाव काढेल.

त्यानंतर हीट नंबर. फाउंड्रीकडून माल येतानाच पेटीवर स्टिकर लावून मागा, तुमच्या माणसाला टाइप करायला लावू नका. फाउंड्रीवाले कुरकुर करतील. त्यांना सांगा की पुढच्या वेळी क्रॅक निघाला तर या स्टिकरमुळे त्यांचे सगळे भाग परत न येता एकाच हीटचे येतील. त्यांचाही खिसा यात आहे, ऐकतील.

आणि वडिलांना एक विनंती करा. सकाळच्या फेरीत रोज एकच प्रश्न त्या यादीवरून विचारायचा. उत्तर चुकीचं निघालं तर रागवायचं नाही, फक्त ‘यादीत दुरुस्त कर’ एवढंच म्हणायचं. हे त्यांना जमेल का, हे तुम्हालाच माहीत. जमणार नसेल तर मला आधी कळवा, मग आपण सुपरवायझरपासून सुरुवात करू. त्याला जास्त वेळ लागतो, पण होतं.